हॉटेलातली एकादशी

निवृत्त होणाऱ्या माणसाला भिंतीवरचे घड्याळ का देतात, हे मला अजून उमगलेले नाही. छत्तीस वर्षे ज्याने घड्याळाची ताबेदारी केली, त्याला सुटकेच्या दिवशी पुन्हा तोच धनी घरी नेऊन टांगायला सांगायचे! मला असे घड्याळ मिळाले, शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळाची बर्फी झाली, शाल कपाटात गेली आणि घड्याळ तेवढे टिकटिकत राहिले.

आमच्या कन्येने मात्र वेगळीच भेट दिली. भंडारदऱ्याला, अगदी पाण्याच्या काठावर असलेल्या एका हॉटेलात दोन रात्रींचा मुक्काम. फोनवर बोटे फिरवून तिने सारे ठरवून टाकले, पैसेही भरले, आणि वर मला म्हणाली, "बाबा, तिथलं जेवण फार नावाजलेलं आहे. लोक केवळ जेवायला मुंबईहून येतात."

केवळ जेवायला कुणी दीड-दोनशे किलोमीटर जावे, हा विचार मला पचायला जरा जड गेला. पण खोटे कशाला बोलू? आतून गुदगुल्या झाल्या.

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपल्यावर जायचे ठरले. आई दिवाळीसाठी नेकनूरहून पुण्याला आलेलीच होती. आम्ही भावंडे तिला 'बाई' म्हणतो. तिला तुळशीच्या लग्नाच्या आत गावी परतायची घाई होती. सौ.ने तोड काढली. खोलीत तिसरी खाट टाकून मिळते. तेव्हा बाईंनाही घेऊ, दोन दिवस राहू, आणि तसेच संगमनेर, लोणी, नेवासे करीत त्यांना नेकनूरला सोडू. मला ही कल्पना इतकी आवडली की ती माझीच आहे असे मी पुढे चार जणांना सांगितले.

हॉटेलाचे नाव लिहीत नाही. ही जाहिरात नव्हे. आणि पुढे जे सांगणार आहे त्यात तेथल्या कुणाचा दोष नाही; जो आहे तो माझाच.

नेकनूर कोठे, असे पुण्यात अजूनही विचारतात. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागायचे, मांजरसुंब्याचा घाट चढायचा, आणि वर आल्यावर केज-अंबाजोगाईकडे वळायचे की आमचे गाव. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेच्या उभारणीत जोगमहाराजांना साथ देणाऱ्या बंकटस्वामींचे हे गाव. त्यामुळे गावात माळकरी पुष्कळ, सप्ताह पुष्कळ, आणि पाणी कमी. बालाघाटाच्या माथ्यावर पाणी थांबणार तरी कोठे? पाहुणा आला तर त्याने राहायचे कोठे, हा प्रश्न मात्र आमच्याकडे कधी पडला नाही. ओसरीवर घोंगडी टाकली की झाले. आलेल्याला आधी पाणी, मग गूळ, मग भाकरी. त्याचे बिल करतात हे बाईला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नसावे. मुक्कामाच्या जागेला ती अजून धर्मशाळाच म्हणते. "धर्मशाळंत अंथरूण असतं का आपण न्यायचं?" असे तिने निघताना विचारले, आणि सौ.ने नको नको म्हणत असताना एक गोधडी पिशवीत कोंबलीच.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. राजूर मागे पडले, शेंडी गाव आले, आणि एका वळणावर एकाएकी पाणी दिसले. पावसाळा संपून महिना झाला होता तरी जलाशय काठोकाठ. पलीकडे डोंगरांची रांग, त्यांची सावली पाण्यात आडवी पडलेली. हॉटेलाच्या व्हरांड्यापासून पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. सौ. नुसतीच "अगंबाई!" म्हणाली. बाई काही बोलली नाही. व्हरांड्याच्या कठड्याला धरून ती पाण्याकडे बघत राहिली. ती दृष्टी मला ओळखीची वाटली. बाजारात बैल घेण्याआधी आमचे वडील असे बघत.

"खोल किती असंल?" तिने विचारले.

मी घरून वाचून आलो होतो. सांगू लागलो. प्रवरा नदीवरचे हे धरण. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव धरणाला दिले. उंची सुमारे २७० फूट. पाणी मावते अकरा अब्ज घनफूट.

अब्ज घनफूट तिच्या डोक्यावरून गेले. (माझ्याही जातात.) तिने विचारले, "बांधलं कुणी?"

"इंग्रजांनी."

"इंग्रज पाट्या वाहायचे व्हय?"

यावर काय बोलणार? १९७२च्या दुष्काळात तिने नेकनूरच्या शिवारात पाझर तलावावर पाट्या वाहिल्या आहेत. रझाकारांच्या सालातला तिचा जन्म, म्हणजे तेव्हा ती चोवीस वर्षांची. मी सहा वर्षांचा. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणी, आणि तांबड्या मिलोच्या भाकरीबरोबर आम्ही ती खात असू. तो तलाव अजून आहे. बरा पाऊस झाला तर दिवाळीपर्यंत त्यात पाणी असते. लहानपणी मला वाटे की तो आईचाच तलाव आहे.

रात्री जेवायला गेलो. जेवणाची जागा म्हणजे काचेच्या भिंतींचे एक मोठे दालन. बाहेर काळोखात पाणी, आत मंद दिवे. मेजावर पांढरी चादर, आणि एका माणसामागे तीन चमचे. पदार्थांची यादी पुस्तकासारखी बांधलेली. वाढायला आलेला पोरगा जवळच्याच खेड्यातला होता. गळ्यात टाय होता, पण बोलणे आमच्यासारखेच.

बाईने खुर्चीच्या कडेवर बसून पहिला प्रश्न केला, "बाळा, हितं मासळी शिजती का?"

तो गोंधळला. शिजत होतीच, तळ्याकाठच्या हॉटेलात दुसरे काय शिजणार? सौ.ने भांडी वेगळी, चूल वेगळी असे काहीबाही समजावले. ते कितपत खरे होते कोण जाणे! बाईने गळ्यातल्या माळेला हात लावला आणि दहीभात मागितला. इंद्रायणी तांदळाचा मऊ भात आणि घट्ट दही एका निळ्या वाडग्यात आले. तेवढ्यावर तिचे जेवण झाले.

माझे मात्र झाले नाही. कन्येचे म्हणणे खरे होते. मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेली भाजी, लसणाची फोडणी दिलेले वरण, तांदळाची पापुद्र्यासारखी भाकरी, शेवटी खरवस. जिभेला इतका मान कधी मिळाला नव्हता. उद्या सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, याचा बेत मी यादीवरून मोठ्याने वाचत होतो. तेवढ्यात बाई म्हणाली, "उद्या माझं काही मांडू नगा. उद्या एकादशी हाय."

कार्तिकी एकादशी! पंढरपुरात लाखो माणसे जमतात त्या दिवशी आम्ही जेवणासाठी नावाजलेल्या हॉटेलात येऊन बसलो होतो. कन्येने सुट्ट्या पाहिल्या, भाव पाहिले, मोकळ्या खोल्या पाहिल्या. पंचांग कोण पाहतो? सौ. हसू लागली. मलाही हसता आले असते. पण मला राग आला. का आला हे तेव्हा कळले नाही. मी म्हणालो, "बाई, आयुष्यात एकदा तरी दिवाळीच्या दिवसांत माझ्याबरोबर बसून नीट जेवशील की नाही?"

बोललो आणि शरमलो. टायवाला पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तो तसाच मागे सरला. बाईने माझ्याकडे पाहिले, निळा वाडगा जरा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "चला, झोपा आता."

वाचकांना यातला मागचा धागा सांगितला पाहिजे. दुष्काळानंतर आमचे आईवडील ऊसतोडीला जाऊ लागले. बीड जिल्ह्यात हे घरोघरचे आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसऱ्याचे सोने लुटले की बैलगाडीवर संसार चढवायचा, आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्यावर. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात. माणसे मोजायची ती हत्यारावरून. मी आजीजवळ नेकनूरला राही. त्यामुळे माझ्या लहानपणीच्या साऱ्या दिवाळ्या आईवाचून गेल्या. आजी उटणे लावी, पण तिचे हात थरथरत. शेजारच्या पोरांच्या आयाही गेलेल्या असत, म्हणून कुणी कुणाला हिणवीत नसे हे खरे. कपिलधारच्या यात्रेला मन्मथस्वामींच्या दर्शनाला आजी मला चालत नेई, तेवढाच त्या दिवसांतला आनंद. पण गाडी निघे त्या सकाळची मला अजून आठवण आहे. माझी धाकटी बहीण गाडीत आईच्या मांडीवर, आणि मी आजीच्या हाताला धरून खाली. तिला नेतात आणि मला नाही. का? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. पन्नास वर्षे तो आत तसाच राहिला, आणि बाहेर पडला तो काचेच्या भिंतींच्या त्या दालनात, खरवस खाताना.

पहाटे जाग आली तर तिसरी खाट रिकामी. गोधडी घडी करून ठेवलेली. व्हरांड्यात नाही, पायऱ्यांवर नाही. पाण्यावर धुके इतके दाट की चार पायऱ्यांखालचे दिसेना. मी अनवाणीच खाली उतरलो, काठाने इकडून तिकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई, अनोळखी जागा आणि पुढ्यात अकरा अब्ज घनफूट पाणी. काय काय मनात आले ते लिहीत नाही.

ती सापडली स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात. तेथे काम करणाऱ्या एका बाईबरोबर जमिनीवर बसून दोघी सुपात काही पाखडत होत्या, आणि जन्माची ओळख असल्यासारख्या बोलत होत्या. माझी अनवाणी पावले पाहून बाई म्हणाली, "काटा मोडंल. चपला घाल." आणि पुन्हा सुपाकडे वळली.

सुपात वरई होती. आम्ही तिला भगर म्हणतो. आमच्याकडे ती वाण्याच्या दुकानातून पुडीत येते. ती मुळात पिकते कोठे याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. ती पिकते या अकोल्याच्या डोंगरउतारांवर, नाचणीच्या शेजारी. इथले महादेव कोळी आणि ठाकर शेतकरी पिढ्यान्पिढ्या ती लावतात. त्या बाईने आपल्या घरची आणली होती. आदल्या रात्री टायवाल्या पोराने स्वयंपाकघरात जाऊन सांगितले म्हणे, एक आजी आहेत, त्यांची उद्या एकादशी. तेवढ्यावरून तिने पहाटे घरून येताना ओटीत शेरभर वरई घातली. यादीच्या त्या बांधीव पुस्तकात हा पदार्थ नव्हता.

दुपारी आम्ही काचेच्या दालनात गेलो नाही. पायऱ्यांवरच बसलो. भगर आली, दाण्याची आमटी आली, रताळ्याचे काप आले. सौ.ला उपास नव्हता, मला तर कधीच नसतो. पण आम्ही दोघांनी तेच घेतले. खरे सांगतो, त्या हॉटेलातले सगळ्यांत चांगले जेवण तेच. आमटीत कोकम होते आणि भगरीचा दाणा न् दाणा सुटा. पैसे घ्यायला मात्र त्या बाईने साफ नकार दिला. एकादशीच्या फराळाचे कसले पैसे, असे तिचे म्हणणे. नेकनूरची ओसरी मला तेथे भेटली.

हात धुऊन बाईने विचारले, "हे पाणी जातं कुठं?"

मी सांगितले. ही प्रवरा. अकोले, संगमनेर करीत नेवाशाला जाते.

"माउलीच्या नेवाशाला?"

"तीच. तिच्याच काठी ज्ञानेश्वरी झाली. पुढं प्रवरासंगमला गोदावरीत, मग पैठणच्या नाथसागरात. तिथून कालव्यानं माजलगावपर्यंत."

"म्हंजी आपल्या जिल्ह्यात जातं की!"

"जातं. पण घाट चढून नेकनूरला येत नाही."

वरच्या धरणांतून पैठणला पाणी किती सोडावे यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांचे भांडण कोर्टापर्यंत गेलेले आहे. ते तिला सांगायचे मी टाळले. शिवाय सगळे पाणी नदीने जात नाही. बरेचसे प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतात जाते. त्या कालव्यांवरच तिकडचा ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर लोणीला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. इतके सांगत होतो तोच ती म्हणाली, "म्हंजी पाटाचं पाणी ते हेच."

मी गप्प झालो. त्या पट्ट्यातल्या एका कारखान्यावर आईवडिलांनी चार हंगाम काढले होते. मला हे ठाऊक होते. पण मी धरण पाहत होतो, तेव्हा ते डोक्यात आले नव्हते.

"लई गार असायचं," ती म्हणाली. "रात तीनला उठायचं. पाटात हात घातला की बोटं कुणाची हायत तेच कळायचं न्हाई. दिवाळीच्या दिवशीबी तोड. अंघोळ पाटावर, की झाली दिवाळी. पोरं कोपीत. थोरलं पोरगं धाकट्याला राखायचं. धा-बारा पोरं होती आपल्या टोळीत. एकबी शाळंत गेलं न्हाई."

मग जरा थांबून म्हणाली, "म्हणून तुला ठिवलं. तुला वाटायचं, बाईनं टाकलं. वाटू दे म्हनलं. रुसलं तरी शिकंल."

"सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं असतं तर गाडीच्या मागं पळत आला असतास."

तेही खरेच. मी कसा होतो हे तिच्याइतके कुणाला माहीत? पण सहा-सात वर्षांच्या त्या पोराला हे उत्तर पुरले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. साठाव्या वर्षी ऐकूनही घशाशी काही तरी आलेच.

"आणि ताईला?" सौ.ने विचारले. माझ्या बहिणीला ती ताई म्हणते.

"दोघं सासूबाईला झेपली नसती. ती अंगावर पीत होती तवा. मग सवय झाली. मग ती चुलीचं बघाया लागली." बाईने पाण्याकडे पाहिले. "तिला आणायला पायजे होतं इथं. तिनं त्याच पाटावर धुणी धुतलीत. सात वर्सांची होती."

माझ्या बहिणीला सही करता येते. वाचता येत नाही. धारूरकडे दिलेली आहे. तिनेही पुढे वीस वर्षे कोयता धरला. पुण्याहून निघताना खोलीत तिसरी खाट मिळते म्हणून आम्हाला केवढा आनंद झाला होता. चौथी मिळते का, हे विचारायचे माझ्या मनातही आले नाही. मघा म्हटले तो दोष हाच. आई तिला घेऊन गेली म्हणून पन्नास वर्षे मी जिचा हेवा केला, ती ही!

दुसऱ्या रात्रीचे जेवण आम्ही जेवलो. उत्तम होते. त्याचे वर्णन करण्यासारखे काही राहिले नाही.

निघताना बाईने अंगणातल्या त्या बाईकडून दोन किलो वरई विकत घेतली. यावेळी पैसे दिले, आणि मोजून दिले. "पोरीला," एवढेच म्हणाली. हॉटेलाच्या हिशेबाचा कागद कन्येच्या फोनवर गेला होता म्हणून बरे. नाहीतर किती झाले हे तिने विचारलेच असते आणि मी निम्मा आकडा सांगितला असता.

संगमनेर सोडल्यावर दुतर्फा ऊस सुरू झाला. लोणीच्या अलीकडे कोठेतरी कालवा रस्त्याला चिकटून धावू लागला, तेव्हा तिने गाडी थांबवायला सांगितली. कालव्याच्या बांधाखाली नुकतीच आलेली एक टोळी उतरत होती. हंगाम सुरू व्हायचा होता. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून चुली, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, निजलेली पोरे खाली येत होती. बाई काठीशिवाय बांध उतरली.

"कुठलं गाव गं?"

"केजजवळचं, मावशी."

मग काय! केज आमच्याच रस्त्यावर. कोणाची कोण, हे पाच मिनिटांत निघाले. त्या बाईच्या परकराला धरून एक सहा वर्षांची पोरगी उभी होती.

"हिचं नाव घातलं का शाळंत?"

"घातलंय की. पण ठिवावं कुणापाशी?"

बाई यावर काही बोलली नाही. तिने गाडीतून वरईचे पुडके आणायला मला खुणावले, पदरात अर्धी वरई ओतून घेतली आणि त्या बाईच्या पातेल्यात घातली.

"उपासाला व्हईल. नवी हाय, डोंगरातली."

"कुठनं आणली मावशी? कुठं गेल्ता?"

"पोरानं दिवाळीला नेलं होतं. मोठ्या हॉटेलात. पाण्याच्या काठाला."

"आगं बया! काय काय खाल्लं?"

"भगर."

ती बाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. आमची बाईही हसली, सौ. हसली, काही न कळून ती पोरगीही हसली. अर्धे पुडके घेऊन आम्ही गाडीत बसलो, आणि नेवाशाच्या रस्त्याला लागलो.